पायाखालचा पाट

हैदराबादेत एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात जुने मिक्सर, सायकलींची चाकं, ट्यूबवाले टीव्ही आणि बटणं गेलेले कीबोर्ड यांच्या ढिगात मधूनच एक पांढरा, लांबट, जेवायला बसायच्या पाटासारखा पाट दिसतो. विकणारा तो वजनकाटा म्हणून दाखवतो. "मॅडम, वेट मशीन है, सेल डालो, चालू हो जाता." सेल घातले तरी त्यावर आकडा उमटत नाही, कारण आकडा दाखवायला त्याला पडदाच नाही. तो असतो निन्टेन्डोच्या 'वी' या टीव्ही गेमचा बॅलन्स बोर्ड. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत नसतं आणि घेणाऱ्यालाही बहुधा नसतं. त्यामुळे चांगली वस्तू भंगारात जाते, नाहीतर बिघडलेली वस्तू कुणाच्या तरी घरी येऊन पडते.

काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला याबद्दल वरचेवर विचारणा होते. कुणाचा मुलगा अमेरिकेहून परत येताना सगळा संच घेऊन आलेला असतो, कुणाला आखातातून आलेल्या नातेवाइकानं जुनी डान्स मॅट दिलेली असते, कुणाला मुलं मोबाइलवरून उठावीत म्हणून काहीतरी हवं असतं. जुन्या खेळयंत्रांचा नाद असलेले तरुणही विचारतात. त्यांना दुर्मीळ वस्तू हवी असते. या सगळ्यांना मी आधी एकच सांगते. व्यायामाची जोडवस्तू एकटी कधीही घेऊ नका. पाट किंवा मॅट, ती ज्याला जोडायची ती पेटी, आणि त्या दोघांसाठी बनलेला खेळ, ही तिन्ही एकमेकांना लागू पडणारी मिळाली तरच पैसे मोजा. यातलं एक जरी नसलं तर उरलेल्या दोन वस्तू फक्त जागा अडवतात. दुर्मीळपणाला भुलून ही चूक फार होते.

दुर्मीळ म्हणजे काय काय, ते आधी पाहू. घाम काढणारा व्हिडिओ गेम ही कल्पना चांगली ४० वर्षांपूर्वीची आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत अमिगा कंपनीनं अटारी २६०० साठी 'जॉयबोर्ड' काढला. त्यावर उभं राहून शरीर डावी-उजवीकडे झुकवायचं आणि पडद्यावर बर्फावरून घसरत खाली यायचं. आत साध्या जॉयस्टिकसारखे चार खटके, बाकी काही नाही. पुढे याच कंपनीच्या संगणकावर बिघाडाच्या वेळी 'गुरू मेडिटेशन' अशी सूचना यायची. तिचा उगम या पाटाशी जोडलेला सांगतात: तिथले अभियंते डोकं शांत करायला जॉयबोर्डवर मांडी घालून न हलता बसायचे. १९८७ मध्ये त्याच अटारीसाठी एक्सस कंपनीची 'फूट क्रेझ' ही पाच रंगीत बटणांची पायपट्टी आली. जपानमध्ये बांदाई कंपनीनं १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉमसाठी 'फॅमिली ट्रेनर' ही चटई आणली होती. आपल्याकडे अंगणात खडूनं ठिकरीच्या चौकटी आखतात, तशा तिच्यावर चौकटी होत्या आणि मुलं त्यावर धावत, उड्या मारत. हीच चटई अमेरिकेत निन्टेन्डोनं हक्क घेऊन १९८८ मध्ये 'पॉवर पॅड' या नावानं विकली. बांदाईनं त्याआधी स्वतःच्या नावावर थोड्या दिवसांसाठी विकलेला 'स्टेडियम इव्हेंट्स' हा खेळ मग बाजारातून गेला आणि तोच 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नव्या नावानं आला. जुन्या नावाच्या मोजक्याच कॅसेट उरल्या. त्यातली एक सीलबंद प्रत २०१० मध्ये ४१,३०० डॉलरना विकली गेली. खेळ तोच, चटई तीच, वेगळं होतं ते फक्त वेष्टन.

त्यानंतर १९९३ मध्ये सेगाचा 'ॲक्टिव्हेटर' आला. जमिनीवर मांडायचं हे अष्टकोनी कडं. त्याच्या कडेनं अवरक्त किरण वर जातात आणि हातापायानं ते अडवले की बटण दाबल्यासारखं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यात लाइफ फिटनेस कंपनीनं सुपर निन्टेन्डोला जोडता येणारी व्यायामाची सायकलही आणली. पॅडल जितक्या वेगानं मारावं तितक्या वेगानं पडद्यावरची सायकल पळे. आणि १९९८ मध्ये निन्टेन्डो ६४ साठी जपानमध्ये एक चिमटा निघाला. तो कानाच्या पाळीला लावायचा आणि टेट्रिस खेळताना नाडीचे ठोके पडद्यावर पाहायचे. या सगळ्या वस्तू मला फार आवडतात. त्या बनवणाऱ्यांना मनापासून वाटत होतं की टीव्हीपुढे बसलेल्या मुलानं उठावं.

तरीही हैदराबादेत राहून यातली एकही विकत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते. कारण आपल्या पेट्यांशी त्या जुळत नाहीत. आपल्याकडे १९९० च्या दशकात लिटल मास्टरसारख्या नावांनी घरोघरी जे टीव्ही गेम आले, ते फॅमिकॉमच्या धर्तीचे होते. त्यांची कॅसेट ६० पिनांची, तर अमेरिकन निन्टेन्डोची ७२ पिनांची. आपल्या बहुतेक पेट्यांना रिमोट जोडायला नऊ पिनांचं तोंड असतं, अमेरिकन पॉवर पॅडला सात पिनांचा वेगळाच प्लग लागतो, आणि जपानी फॅमिली ट्रेनर तर १५ पिनांच्या तोंडात जाते. म्हणजे बाहेरून हजारो रुपये खर्चून पॉवर पॅड मागवला तरी माळ्यावरच्या लिटल मास्टरला तो लागणार नाही. मग अमेरिकन पेटी मागवा, तिच्यासाठी वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्या, तिचं चित्र दाखवू शकणारा टीव्ही शोधा. एवढं करून हातात येते ती तीन दशकांहून जुनी, आतला थर झिजलेली चटई. संग्रह करायचा असेल तर अवश्य करा, पण व्यायामासाठी हा मार्ग नव्हे.

हैदराबादेत काय खरंच मिळतं

चार वस्तू मिळतात: वीचा बॅलन्स बोर्ड, प्लेस्टेशनची डान्स मॅट, प्लेस्टेशन २ चा आयटॉय कॅमेरा आणि एक्सबॉक्स ३६० चा किनेक्ट कॅमेरा. यातल्या कुठल्याच आज नव्यानं बनत नाहीत. प्लेस्टेशन २ चं उत्पादन २०१३ च्या सुरुवातीला थांबलं, वीचंही त्याच वर्षी आवरत आलं आणि किनेक्ट २०१७ मध्ये बंद झाला. म्हणजे जे आहे ते जुन्या साठ्यातून आणि घराघरांतूनच येणार.

प्लेस्टेशन २ ला या शहरात वेगळी जागा आहे. २००९ मध्ये आलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ इथल्याच ऑरोना कंपनीनं बनवला. त्याच वर्षी इथल्याच गेमशास्त्र कंपनीचा 'देसी अड्डा' आला. त्यात कबड्डी आणि गिल्ली-दांडूही होता. त्यामुळे असेल किंवा पेटी स्वस्त झाल्यामुळे असेल, प्लेस्टेशन २ इथल्या मध्यमवर्गी घरांत बराच काळ टिकला आणि आज त्याच घरांतून बाहेर पडतो आहे. वीचं उलट आहे. तो बहुतेक बॅगेतून आला, अमेरिकेतून नाहीतर आखातातून. कुठून आला, हे महत्त्वाचं का, ते पुढे सांगते.

पाट: सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात फसवा

'वी फिट' हा खेळ आणि त्यासोबतचा बॅलन्स बोर्ड जपानमध्ये डिसेंबर २००७ मध्ये आला. निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो स्वतः रोज वजन करत, ते करता करता त्यांना ही कल्पना सुचली. सुमो पैलवानांचं वजन करायला दोन काटे लागतात, हे कळल्यावर दोन पायांखालचं वजन वेगवेगळं मोजण्याचा विचार पुढे गेला. पाटाच्या चार कोपऱ्यांखाली चार पाय आहेत आणि प्रत्येक पायात भार मोजणारी पट्टी आहे. चारही आकडे मिळून तुमचा तोल नेमका कुठे आहे हे कळतं. २०१० मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी हा पाट प्रयोगशाळेतल्या महागड्या फोर्स प्लेटशी ताडून पाहिला. उभ्या माणसाचा तोल मोजण्यात तो विश्वासार्ह ठरला. एका घरगुती खेळाच्या वस्तूसाठी ही साधी गोष्ट नाही. म्हणून चारांपैकी एकच घ्यायचं असेल तर पाट घ्या, हे माझं मत आहे.

घेताना काय पाहायचं? बाजारात जाताना चार नवे पेन्सिल सेल खिशात ठेवा. पाट उलटा करून सेलचं झाकण उघडा. आत पांढरी-निळसर भुकटी किंवा हिरवट गंज दिसला, तर जुने सेल आतच पाझरले आहेत. थोडी भुकटी असेल तर ती निघते. स्प्रिंगच खाल्ली गेली असेल तर पाट तिथेच ठेवा. मग आपले सेल घालून पुढच्या कडेचं बटण दाबा. निळा दिवा लुकलुकला तर आतलं सर्किट जिवंत आहे एवढं कळतं, भारपट्ट्या धड आहेत की नाहीत ते कळत नाही. ते पेटीला जोडल्यावरच समजेल. म्हणून विकणाऱ्याचा फोन नंबर घ्या आणि न चालल्यास परत घेण्याचं बोलून ठेवा. "नै चला तो वापस लेना भाई" हे आधी म्हणायला संकोच वाटू देऊ नका; इथले बरेच जण "हौ" म्हणतात आणि शब्दही पाळतात. पेटीला जोडायला सेलच्या खणातलं छोटं लाल बटण आणि वीच्या पुढच्या झाकणामागचं लाल बटण लागोपाठ दाबायचं. जोडणी झाली की चारही कोपरे एकेक करून हातानं दाबा. पडद्यावरचा ठिपका प्रत्येक कोपऱ्याकडे गेला पाहिजे. एखाद्या कोपऱ्याकडे गेलाच नाही, तर तो पाय गेला आहे.

आता वीज. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. अमेरिकन वीचा अडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा आहे. माझ्या भावानं न्यू जर्सीहून पाठवलेला संच मी दिवाळीच्या सुट्टीत घाईघाईनं बोर्डात खोचला आणि अर्ध्या मिनिटात जळका वास आला. अडॅप्टर गेला, पेटी वाचली ती नशिबानं. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले की आधी अडॅप्टरच्या पाठीवरचं लेबल वाचते. त्यावर 'इनपुट १००–२४०' असं असेल तर निर्धास्त लावा. फक्त १२० असेल तर दोन मार्ग: २३० ते ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर, किंवा २३० वर चालणारा, १२ व्होल्ट ३.७ अँपियर देणारा आणि वीचंच टोक असलेला अडॅप्टर. मला दुसरा बरा वाटतो, कारण ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि मुलं त्याला अडखळतात. कोटीच्या गुजराती गल्लीत दोन्हींची चौकशी करता येते. फक्त लेबलाचा फोटो सोबत न्या, तोंडी सांगू नका.

अमेरिकन पेटीत युरोपची सीडी चालत नाही आणि उलटही नाही. म्हणून 'वी फिट' किंवा 'वी फिट प्लस'ची सीडी ज्या प्रदेशाची पेटी त्याच प्रदेशाची घ्या. वीचं इंटरनेटवरचं दुकान २०१९ च्या जानेवारीत बंद झालं, तेव्हा सीडी हाच मार्ग उरला आहे. पेटी मिळालीच नाही आणि घरी लिनक्सवर चालणारा लॅपटॉप असेल, तर तोही ब्लूटूथवरून हा पाट ओळखतो. संगणकाची आवड असलेल्या मुलांना हे काम जरूर द्या.

पाटावर उभं राहिलं की 'वी फिट' उंची विचारतो, वजन घेतो आणि बीएमआय सांगतो. इथे एक सावधगिरी हवी. त्या खेळात २२ हा आदर्श आणि २५ च्या पुढे जास्त वजन, असं गणित आहे. भारतीयांसाठी डॉक्टर २३ पासूनच वजन जास्त धरतात, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका कमी वजनावर सुरू होतो. म्हणजे खेळ 'ठीक आहे' म्हणेल तेव्हाही ठीक असेलच असं नाही. मुलांच्या बाबतीत तर तो आकडा मनावरच घेऊ नका. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये एका १० वर्षांच्या निरोगी मुलीला या खेळानं जाड ठरवलं आणि कंपनीला माफी मागावी लागली. वाढत्या मुलाचं वजन कसं पाहायचं ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. मुलांना पाट द्या तो खेळायला.

पाटाची मर्यादा १५० किलोची आहे आणि जपानी पाटाची १३६ ची. पण तो उडी मारण्यासाठी नाही. एका पायावर उभं राहणं, तोल धरणं, योगासनं, चढ-उतार, यासाठी आहे. माझी आई सत्तरी ओलांडल्यावर त्यावर उभी राहायला लागली. तिच्या समोर आम्ही पाठ असलेली जड लाकडी खुर्ची ठेवतो आणि ती एक हात त्या पाठीवर ठेवूनच ठिपका मध्यावर धरते. आधी फिजिओथेरपिस्टना विचारलं, मगच सुरू केलं. ज्येष्ठांच्या बाबतीत हा क्रम चुकवू नका. चक्कर येत असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांच्या होकाराशिवाय पाटावर पाय ठेवू नका.

डान्स मॅट

जपानी कोनामी कंपनीचा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' १९९८ मध्ये मॉलमधल्या यंत्रावर आला आणि १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर. त्यासोबत जी चटई निघाली, तिच्या असंख्य नकला झाल्या. हैदराबादेत मिळते ती बहुतेक नक्कल असते आणि त्यात वाईट काही नाही. मात्र एक प्रकार टाळा: ज्या मॅटला पेटीच लागत नाही, जी लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरनं थेट टीव्हीला लागते. तिच्यातले खेळ चार दिवसांत संपतात आणि नवे घालता येत नाहीत.

प्लेस्टेशनची मॅट तपासणं सोपं आहे. पेटीला ती साधा रिमोटच वाटते. सीडी न घालता प्लेस्टेशन २ चालू करा, पहिल्या पडद्यावर मॅटच्या बाणांवर पाय ठेवून निवड वरखाली होते का पाहा. प्रत्येक बाणाच्या मध्यावर, कडेवर, कोपऱ्यावर पाय ठेवून बघा. मॅट झिजते ती मध्यावर. मग पाय उचला. बाण दाबलेलाच राहिला तर आतला फोमचा थर बसला आहे. मऊ मॅटच्या आत वर-खाली दोन वाहक पत्रे असतात आणि मध्ये भोकं पाडलेला फोम. पाय पडला की भोकातून पत्रे भेटतात. कडेची शिवण उसवून आतले पत्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसता येतात. मोबाइल दुरुस्तीवाले ते वापरतातच, 'आयपीए' म्हणून मागा. फोम मात्र गेला की गेला.

संगणकाला मॅट जोडायची असेल तर 'स्टेपमेनिया' हा फुकट मिळणारा खेळ आहे, त्यात मराठी गाणीही घालता येतात. त्यासाठी प्लेस्टेशन ते यूएसबी असा छोटा जोड लागतो आणि इथेच बरेच जण अडकतात. काही जोड बाणांना जॉयस्टिकची दिशा समजतात. जॉयस्टिक एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन्ही पाय फाकवून उडी मारली की संगणकाला काहीच कळत नाही. बाणांना वेगवेगळी बटणं समजणारा जोड घ्या. दुकानात लॅपटॉप नेऊन दोन बाण एकदम दाबून बघा, मगच पैसे द्या. पार्कलेनच्या सीटीसीमध्ये किंवा आबिड्सच्या जगदीश मार्केटमध्ये दुकानदार दोन-तीन जोड काढून दाखवायला सहसा तयार असतात.

टीव्हीचंही बघावं लागतं. तालावर पाय पडायचा असतो आणि नव्या सपाट टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटतं. जुन्या पेटीच्या वायरीला एचडीएमआयचा डबा लावला की आणखी उशीर. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो तो चालू करा. जागा असेल तर जुना ट्यूबचा टीव्ही सगळ्यात उत्तम. तो अशा बाजारांत आणि दुरुस्तीच्या दुकानांत स्वस्तात मिळतो. मात्र तो स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत धक्का देण्याइतकी वीज साठलेली असते.

कॅमेरे

आयटॉय २००३ चा, किनेक्ट २०१० चा. दोन्हींत पायाखाली काहीच नसतं, त्यामुळे झिजायलाही फारसं नसतं. आयटॉयसाठी 'आयटॉय: किनेटिक' हा २००५ चा खेळ शोधा, त्यात १२ आठवड्यांचा आखलेला व्यायाम आहे. त्याच्या खोक्यात कॅमेऱ्यावर बसवायचं एक रुंद भिंग असतं. ते हरवलं असेल तर लहान खोलीत तुम्ही पूर्ण दिसणार नाही आणि खेळ रडतखडत चालेल. त्यामुळे खोक्यात भिंग नसेल तर घेऊ नका. कॅमेऱ्याला उजेड लागतो. ट्यूबलाइट तुमच्या पाठीमागे नको, समोर हवी.

किनेक्टला जागा लागते: एकट्यासाठी सुमारे सहा फूट आणि दोघांसाठी आठ फूट अंतर. आपल्या टू-बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा सरकवल्याशिवाय हे जमत नाही, तेव्हा घरी आधी टेप लावून मोजा. जुन्या, जाडजूड एक्सबॉक्स ३६० ला किनेक्ट लावायला विजेचा वेगळा अडॅप्टर लागतो; नंतरच्या सडपातळ पेटीला लागत नाही. बाजारातले निम्मे किनेक्ट या अडॅप्टरविना असतात. कॅमेऱ्याची मान हातानं वळवू नका, ती आतल्या मोटरनं फिरते. ३६० चं इंटरनेटवरचं दुकान २०२४ च्या जुलैत बंद झालं, म्हणून 'डान्स सेंट्रल' आणि 'युअर शेप'च्या सीडीच घ्या.

फरशी, शेजारी आणि पावसाळा

हैदराबादेतल्या घरांत तांदूरची नाहीतर शहाबादी फरशी असते, नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स. मऊ मॅट यावर सरकते आणि पाय पुढे जाऊन माणूस मागे पडतो. मॅटखाली रबराची जाळी किंवा जिममध्ये असतात तशा फोमच्या लाद्या घाला आणि मॅटच्या चारही कडा रुंद टेपनं त्यांना चिकटवा. मोजे घालून कधीही नाचू नका. अनवाणी, पाय कोरडे करून. पंखा चालू ठेवा, पण घामाचा थेंब मॅटवर पडला की पुसा. उडी टाचेवर नको, चवड्यावर घ्या आणि पाय उचलताना उंच नेऊ नका. बाण हलक्या स्पर्शानंही दाबला जातो. मुलं सुरुवातीला आदळआपट करतात, त्यानं गुडघेही दुखतात आणि मॅटही लवकर जाते. अपार्टमेंटमध्ये खालच्या घरी आधी सांगून ठेवा आणि रात्री नऊनंतर नाचायचं नाही असा नियम करा. पाटाचं मात्र उलट: तो फोमच्या लादीवर किंवा गादीवर ठेवला तर वजन चुकीचं दाखवतो, त्याला थेट कडक फरशीच हवी.

ठेवणीत सगळ्यात जास्त वस्तू मरतात. मॅटची घडी घालू नका, घडीच्या रेषेवर आतला थर तुटतो. साडीच्या रोलसारखी सैल गुंडाळा आणि जुन्या सुती चादरीत ठेवा. गच्चीखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये जी धग असते, तिनं व्हिनाइल चिकट होतं, म्हणून कपाटाच्या खालच्या खणात जागा करा. जून ते सप्टेंबर सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबराच्या गोळ्या मात्र जवळ नकोत, काही प्लॅस्टिक त्यांनी मऊ पडतं. सेल पाझरून जमलेली भुकटी हातमोजे घालून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या काडीनं काढा, मग कोरड्या कापडानं पुसा आणि दिवसभर वाळू द्या.

खरेदीचा दिवसही निवडा. रविवारी एर्रागड्डा, गुरुवारी पुराना पुलाकडचा जुमेरात बाजार. सकाळी लवकर गेलात तर चांगला माल दिसतो, पण चालवून दाखवायला तिथे वीज नसते. सीटीसी आणि जगदीश मार्केटमध्ये भाव चढा असतो, पण लावून दाखवतात. नवशिक्यांनी पहिली खरेदी दुकानातच करावी. बाजारातला स्वस्त माल घ्यायचा तो घरी चालती पेटी असेल तेव्हाच, कारण मग तपासायला काहीतरी असतं. आणि त्याआधी नातेवाइकांना विचारा. बाजारात शोधत हिंडण्यापेक्षा आत्याच्या किंवा मावशीच्या घरच्या माळ्यावर, मूळ खोक्यासकट, मूळ सीडीसकट संच मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे. मला मिळालेले तिन्ही धड पाट असेच घरांतून आले.

तुमच्याही माळ्यावर असा पांढरा पाट असेल तर आजच तो खाली काढा, उलटा करा, झाकण उघडा आणि आतले चार सेल काढून टाका.